धानाची बांधी आणि जगाची पंचायत

'हवापालट' हा शब्द आमच्या मागच्या पिढीच्या घरांतून मोठ्या हौसेनें उच्चारला जात असे. प्रकृति सुधारावी म्हणून वऱ्हाडांतला मनुष्य चिखलदऱ्यास जाई. नागपूर-भंडाऱ्याकडचा, पदरीं पैसा असल्यास, पचमढीस जाई. आणि महिन्याभरानें परत आल्यावर हवा कशी मानवली तें चार लोकांस सांगे. आतां मनुष्य जागच्या जागीं आहे आणि हवाच पालटत आहे. या पालटाचा दोष कोणाच्या माथीं किती आणि त्याचें प्रायश्चित्त कोणीं किती घ्यावें, याची वाटाघाट जगांतील राष्ट्रें गेलीं पस्तीस वर्षें करीत आलीं आहेत. रिओ, क्योटो, कोपनहेगन, पॅरिस, ग्लासगो हीं नांवें वर्तमानपत्रें वाचणारांस तोंडपाठ झालीं आहेत. परंतु या वाटाघाटीशीं आपल्या गांवाचा, आपल्या शेताचा कांहीं संबंध पोंचतो असें फारच थोड्यांस वाटत असेल. दरसाल कोठल्या तरी परक्या शहरीं मंडळी जमतात, दोन आठवडे शब्दांचा कीस काढतात आणि शेवटच्या रात्रीं एक कागद तयार होतो, एवढेंच आपण जाणतों.

आम्हांस आज या वाटाघाटींतील एका आंकड्याचा इतिहास सांगावयाचा आहे. भाताच्या शेतांतून निघणाऱ्या एका वायूचा तो आंकडा. इ. स. १९९० च्या सुमारास तो परदेशांत मांडला गेला, आणि ज्या ज्या भारतीय जिल्ह्यांत भात पिकतो त्या सर्वांच्या डोक्यावर, त्यांस न विचारतां, त्याचा बोजा पडला. त्या जिल्ह्यांत भंडारा जिल्हा होता. त्या वेळीं गोंदियाहि भंडाऱ्यांतच मोडत असे; तो निराळा जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजीं.

वैनगंगेच्या खोऱ्यांतला हा मुलूख ज्यांनीं पाहिला नाहीं त्यांस 'बांधी' म्हणजे काय तें थोडें सांगितलें पाहिजे. देशावरच्या ज्वारीच्या रानाप्रमाणें येथें शेत मोकळें पसरलेलें नसतें. चारी बाजूंनीं हातभर उंचीचे बांध घालून जमिनीचे लहान लहान तुकडे केलेले असतात. उतारावर ते पायऱ्यांसारखे एकाखालीं एक येतात. असा एक तुकडा म्हणजे बांधी. सुमारें तेराशें मिलिमीटर पाऊस पडतो, तो या बांध्यांत अडतो. मृगाच्या सुमारास एका कोपऱ्यांत पऱ्हे टाकतात. पाऊस लागला म्हणजे बाकीच्या बांध्यांत चिखलणी होते, आणि आषाढ-श्रावणांत, गुडघाभर चिखलांत कमरेंत वाकून, स्त्रिया रोवणी करतात. पावसानें मध्येंच पाठ फिरवली तर बांधी उघडी पडते, भुईला भेगा जातात आणि शेतकरी आकाशाकडे पाहूं लागतो. भाद्रपद-आश्विनांत धान निसवण्याच्या वेळीं एक पाणी कमी पडलें तर सगळा हंगाम बुडतो. तेव्हां त्याची नजर आकाशावरून तळ्याकडे वळते.

हीं तळीं हें भंडाऱ्याचें खरें वैभव. नवेगांवबांध (आतां गोंदिया जिल्ह्यांत), साकोली तालुक्यांतील शिवणीबांध, तुमसरकडील चांदपूर हीं मोठीं नांवें झालीं. लहान तळीं व बोड्या तर गांवोगांव आहेत. कोहळी समाजाच्या लोकांनीं हीं बांधलीं. गोंड राजवटींत जो तळें बांधील त्यास त्या पाण्याखालची जमीन सवलतीनें मिळे, अशी परंपरा सांगतात. पुढें मालगुजारी आली आणि तळीं 'मालगुजारी तलाव' या नांवानें ओळखलीं जाऊं लागलीं; १९५१ सालीं मालगुजारी गेली, नांव मात्र राहिलें. तळ्याचें पाणी केव्हां सोडावयाचें, वरच्या बांधीस किती आणि खालच्या बांधीस किती, याचे तंटे आणि त्यांच्या तडजोडी या गांवांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहेत. पाणी थोडें व मागणारे अनेक असले म्हणजे माप कोणाच्या हातीं आहे यावर सारें कसें अवलंबून असतें, हें भंडाऱ्याच्या शेतकऱ्यास कोणीं शिकवावयास नको.

आतां त्या वायूकडे वळूं. इ. स. १७७६ मध्यें व्होल्टा या इटालियन शास्त्रज्ञानें उत्तर इटलींतील माज्जोरे सरोवराच्या कांठीं चिखल ढवळून वर येणारे बुडबुडे बाटलींत धरले आणि ते पेटतात असें पाहिलें. हाच मिथेन. पाण्याखालीं दबलेल्या मातींत हवेचा शिरकाव होत नाहीं. तेथें कांहीं सूक्ष्म जंतु कुजलेल्या पालापाचोळ्यावर जगतात आणि हा वायु सोडतात. भाताचें शेत हें शेतकऱ्यानें हातानें केलेलें दलदलच असल्यामुळें तेथेंहि तो उत्पन्न होतो, आणि बराचसा रोपाच्या पोकळ देंठांतून, जणूं धुराड्यांतून, वर निघतो. ही गोष्ट आपल्याकडे नवी नव्हती. १९१३ सालींच कोइमतूर येथें हॅरिसन व सुब्रह्मण्य अय्यर या दोघां रसायनज्ञांनीं भातशेतांच्या चिखलांतील वायूंवर एक निबंध प्रसिद्ध केला होता. त्यांस चिंता होती ती पिकाची. रोपाच्या मुळांस श्वास कसा मिळतो तें त्यांस पाहावयाचें होतें. तो वायु वर जाऊन पृथ्वीस पांघरूण घालील ही कल्पना त्या वेळीं त्यांच्या प्रश्नांतच नव्हती. निबंध ग्रंथालयांत पडून राहिला.

पुढें सत्तर वर्षांनीं प्रश्न बदलला. कर्बाम्ल वायु, ज्यास आतां सर्वत्र कार्बन डायऑक्साइड म्हणतात, तो सूर्याची उष्णता पृथ्वीवर कोंडून ठेवतो हें शास्त्रज्ञांस एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक होतें. मिथेन हें काम वजनास वजन धरतां त्याच्या कितीतरी पटीनें करतो असें आतां ध्यानांत आलें. १९९० सालच्या हिशेबांत, शंभर वर्षांची मुदत धरून, ही पट २१ ठरवली गेली. तेव्हां मिथेन कोठून येतो याचा शोध सुरू झाला. १९८० नंतरच्या दशकांत कॅलिफोर्नियांत, स्पेनमध्यें आणि इटलींतील व्हेर्चेल्ली येथें भातशेतांवर पेट्या ठेवून वायु मोजण्यांत आला. तेथील जमिनी, तेथील खतें, तेथील पाणी हीं सारीं निराळीं. यंत्रानें सपाट केलेलें शेत पेरणीपासून कापणीच्या आधींपर्यंत पाण्याखालीं असतें. तेथें जे आंकडे आले ते घेऊन, जगांत भाताखालीं जमीन किती हें पाहून गुणाकार करण्यांत आला. गुणाकारांत चूक नव्हती. अमेरिकेच्या पर्यावरण-संरक्षण खात्यानें १९९० सालीं भारतीय भातशेतांच्या नांवावर सालिना ३ कोटी ७८ लक्ष टन मिथेन लावला.

आंकडे मोठे झाले कीं मनास बोध होईनासा होतो. म्हणून हा आंकडा बांधींत उतरवून पाहूं. भारतांत त्या वेळीं भाताखालीं सुमारें ४ कोटी २० लक्ष हेक्टर जमीन होती. भागाकार केला तर हेक्टरीं ९०० किलो, म्हणजे एकरीं साडेतीन क्विंटलांहून अधिक मिथेन पडतो. कोरडवाहू बांधींतून धान जेथें मोठ्या मिनतवारीनें निघतें तेथें पोत्यांच्या मापानें वायु निघतो असें हें म्हणणें झालें! आणि २१ नें गुणलें तर हा वायु सुमारें ८० कोटी टन कर्बाम्ल वायूच्या बरोबरीचा होतो. १९९० सालीं सबंध हिंदुस्थानांतल्या गिरण्या, आगगाड्या, विजेचे कारखाने मिळून कोळसा व तेल जाळून जो वायु निघाला तो साठ कोटी टनांच्या आसपास होता. म्हणजे या आंकड्याप्रमाणें, चिखलांत वाकून रोवणी करणारी बाई ही देशांतील सर्व धुराड्यांपेक्षां मोठी अपराधी ठरत होती.

हा केवळ विद्वानांचा खेळ नव्हता, हें वेळ पाहिल्यास कळेल. १९८८ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या दोन संस्थांनीं मिळून हवामानाच्या पालटाचा अभ्यास करणारी आंतरराष्ट्रीय समिति नेमली. तिचा पहिला अहवाल १९९० मध्यें आला. त्याच वर्षाच्या शेवटीं जिनीव्हा येथें जागतिक हवामान परिषद भरली. आणि २१ डिसेंबर १९९० रोजीं संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनें करार घडवून आणण्यासाठीं वाटाघाटीची समिति स्थापन केली. वाटाघाटीस बसण्यापूर्वीं प्रत्येकाचें खातें किती याचा तक्ता लागतो, आणि तो ज्याच्याजवळ आधीं तयार असेल त्याचाच तक्ता टेबलावर येतो. वॉशिंग्टन येथील वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट या संस्थेनें १९९०-९१ च्या आपल्या ग्रंथांत असा तक्ता दिला. त्यांत भारताचें नांव जगांतील पहिल्या पांच दोषी राष्ट्रांत झळकलें.

त्यास उत्तर दिलें तें दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेच्या अनिल अग्रवाल व सुनीता नारायण यांनीं. १९९१ सालीं त्यांनीं एक लहानसें पुस्तक काढून या तक्त्यास पर्यावरणाच्या क्षेत्रांतील वसाहतवाद असें स्पष्ट नांव दिलें. समुद्र आणि अरण्यें कांहीं वायु शोषून घेतात. ही शोषणशक्ति सर्व मानवजातीची समाईक ठेव आहे, तेव्हां ती माणशीं वांटली पाहिजे. तशी वांटली तर भारत आपल्या वांट्याच्या आंतच राहतो, असें त्यांचें एक म्हणणें. आणि दुसरें असें कीं, जगण्यासाठीं निघालेला वायु व चैनीसाठीं निघालेला वायु हे एकाच तागडींत घालतां येणार नाहींत. मोटारीचा धूर आणि बांधीची वाफ यांत भेद आहे. आम्ही त्यांत आणखी एक भर घालूं. आज सोडलेला मिथेन बारा-एक वर्षांत विरून जातो. कर्बाम्ल वायूचा मोठा अंश शतकेंच्या शतकें राहतो. लंकाशायरच्या गिरण्यांचा एकोणिसाव्या शतकांतला धूर अजून पृथ्वीच्या माथ्यावर आहे. त्या शतकांतील भंडाऱ्याच्या धानाचा वायु केव्हांच नाहींसा झाला. एका वर्षाचें खातें काढून दोघांस एका ओळींत बसवणें म्हणजे पिढीजात कर्जदार व आजचा उसनवारी करणारा यांस सारखेंच लेखणें होय.

न्यायाचा युक्तिवाद कितीहि सरळ असला तरी परराष्ट्रांच्या दरबारांत तो एकटा उभा राहूं शकत नाहीं, असें आमचें मत आहे. समोरचा सहज म्हणतो, तुमचें दुःख खरें, पण आंकडा तर खोटा नाहीं ना? या प्रश्नास उत्तर देण्याचें काम कमी गाजावाजाचें होतें, आणि आमच्या दृष्टीनें या सर्व प्रकरणांतला तोच सर्वांत मोलाचा भाग. डॉ. अशेषप्रसाद मित्रा हे त्या वेळीं वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते. वरच्या वातावरणाच्या अभ्यासांत त्यांचें नांव जगांत झालेलें होतें. त्यांच्या पुढाकारानें व नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या मार्फत १९९१ सालीं देशांतील प्रमुख भातप्रदेशांत मोजणीची मोहीम काढण्यांत आली. पद्धति तीच, परदेशांतलीच: रोपांवर पारदर्शक पेटी पालथी घालावयाची, ठरावीक वेळानें पिचकारीनें आंतली हवा काढावयाची, आणि तिच्यांत मिथेन किती तें यंत्रावर पाहावयाचें. फरक इतकाच कीं, या खेपेस पेटी खऱ्या भारतीय चिखलांत रोवली गेली.

उत्तर आलें तें सालिना सुमारें ४० लक्ष टनांचें. पावणेचार कोटींच्या जागीं चाळीस लक्ष! एकरीं साडेतीन क्विंटलांच्या जागीं चाळीस किलोहि नाहींत. मात्र कांहीं शेतांत वायु बराच निघतो आणि कांहींत जवळ जवळ नाहींच, हेंहि या मोजणींत दिसून आलें, आणि त्याचें कारण भंडाऱ्याच्या कोणत्याहि शेतकऱ्यास सांगतां आलें असतें. आपल्याकडील भाताची पुष्कळशी जमीन पावसावर आहे. बांधी भरते आणि उघडी पडते, पुन्हा भरते आणि पुन्हा उघडी पडते. भुईला भेग गेली कीं हवा आंत शिरते, आणि त्या जंतूंचें काम थांबतें. शिवाय उष्ण प्रदेशांतील आपल्या जमिनींत कुजट द्रव्याचा अंश मुळांतच थोडा. ज्या अवर्षणाला शेतकरी शिव्या देतो त्यानेंच परदेशी हिशेबनिसाच्या तावडींतून त्याची सुटका केली, हा योगायोग विलक्षणच म्हणावयाचा.

इकडे वाटाघाट सुरू झाली होती. पहिली बैठक फेब्रुवारी १९९१ मध्यें वॉशिंग्टनजवळील शँटिली येथें भरली. मग जिनीव्हा, नैरोबी, पुन्हा जिनीव्हा, आणि शेवटीं न्यूयॉर्क. फ्रान्सचे झां रिपेर हे अध्यक्ष होते, आणि उपाध्यक्षांत भारताचे मुत्सद्दी चंद्रशेखर दासगुप्त होते. अमेरिकेचा आग्रह असा कीं, एकट्या कर्बाम्ल वायूवर बोट न ठेवतां सर्व वायु एका टोपलींत घालून विचार व्हावा. वरवर पाहतां यांत गैर कांहींच नाहीं. शास्त्रदृष्ट्या तें बरोबरच आहे. परंतु ज्या टोपलींत मोटार आणि बांधी शेजारी शेजारी पडतात ती टोपली मोटारवाल्यास सोईची असते, हें न कळण्याइतकीं गरीब राष्ट्रें भोळीं नव्हतीं. भारतानें १९९१ मध्यें आपला मसुदा पुढें ठेवला. त्याचा मथितार्थ असा कीं, दोष उत्सर्जनाचा नसून दरडोई अतिरेकी उत्सर्जनाचा आहे, आणि सर्व राष्ट्रांचें दरडोई मान शेवटीं एका पातळीवर यावें. ही मागणी अर्थातच मान्य झाली नाहीं. वाटाघाटींत सर्व मागणी मान्य होत नाहींच. मागितल्यामुळें काय टळलें हेंहि पाहावयाचें असतें.

९ मे १९९२ रोजीं करार मंजूर झाला आणि जूनमध्यें रिओ येथें दीडशेहून अधिक राष्ट्रांनीं त्यावर सह्या केल्या. उत्सर्जनाचा मोठा वांटा आजवर सुधारलेल्या राष्ट्रांकडून आला, गरीब राष्ट्रांचें दरडोई मान अजून थोडें आहे व त्यांच्या गरजा भागवण्यासाठीं त्यांचा वांटा वाढेल, असें प्रस्तावनेंत कबूल करण्यांत आलें. समान परंतु वेगवेगळ्या प्रमाणांतील जबाबदारी हें तत्त्व तिसऱ्या कलमांत आलें. दुसऱ्या कलमांत कराराचा हेतु सांगतांना अन्नोत्पादनास धोका पोंचूं नये असे शब्द पडले आहेत. त्यांचा अर्थ दोन्ही बाजूंनीं लावतां येतो: हवेच्या पालटानें धान्य बुडूं नये, आणि हवेच्या उपायानेंहि बुडूं नये. हें सर्व एका आंकड्यामुळें घडलें असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. पण पावणेचार कोटी टनांचा तो बोजा डोक्यावर तसाच राहिला असता तर दासगुप्तांना व त्यांच्या सहकाऱ्यांना दरडोई न्यायाची भाषा इतक्या ताठ मानेनें बोलतां आली असती काय, याची आम्हांस शंका आहे. प्रत्येक राष्ट्रानें आपल्या वायूंची मोजदाद स्वतः करून सादर करावी, असेंहि या करारांत ठरलें. भारतानें २००४ सालीं पहिला हिशेब पाठवला. त्यांत १९९४ सालीं भातापासून ४० लक्ष ९० हजार टन मिथेन निघाल्याचें नमूद आहे. मित्रांच्या मोजणीवर अशी सरकारी मोहोर उठली.

मधल्या परिषदांचा इतिहास वर्तमानपत्रांतून आलेला आहे. आम्ही तो भरभर ओलांडतों. १९९७ च्या क्योटो करारानें श्रीमंत राष्ट्रांवरच कपातीचें बंधन घातलें, पण हिशेब मात्र सहा वायूंच्या टोपलीचा ठेवला. कोपनहेगनच्या गोंधळानंतर, ३० जानेवारी २०१० च्या पत्रानें, भारतानें आपल्या उत्पन्नाच्या मानानें उत्सर्जनाचें प्रमाण २०२० पर्यंत २० ते २५ टक्के उतरवण्याचें आश्वासन दिलें. तें देतांना शेतीचें उत्सर्जन त्यांत धरूं नये असें स्पष्ट लिहिलें. बांधी दाराबाहेर ठेवूनच पुढची वाटाघाट झाली म्हणावयाची! २०१५ च्या डिसेंबरांत पॅरिसचा करार झाला तेव्हां भारताचे पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर, म्हणजे एक मराठी गृहस्थ, होते. त्या करारांतहि अन्नोत्पादनास धक्का न लावण्याचे शब्द पुन्हा आले. २०२१ च्या नोव्हेंबरांत ग्लासगो येथें अमेरिका व युरोपीय संघ यांनीं मिथेन २०३० पर्यंत ३० टक्क्यांनीं कमी करण्याची प्रतिज्ञा पुढें केली. शंभरावर राष्ट्रें तींत सामील झालीं. भारत झाला नाहीं. आपला मिथेन मुख्यतः गुरांचा व भाताचा आहे, तो जगण्याचा आहे, चैनीचा नव्हे, असें सरकारनें सांगितलें. तीस वर्षांपूर्वीं ज्या शब्दांनीं एका लहान पुस्तकानें सरकारला हत्यार पुरवलें होतें तेच शब्द आतां सरकारच्या तोंडीं रुळले.

येथपर्यंतची कथा आपल्या बाजूची, आणि ती सांगतांना आम्हांस अभिमान वाटला हें आम्ही लपवीत नाहीं. परंतु वकिलानें अशिलाच्या नांवानें काय काय सोडवून घेतलें हेंहि अशिलानें पाहिलें पाहिजे. दरडोईचा हिशेब करतांना देशांतील प्रत्येक मनुष्य मोजला जातो. लाखांदूरचा दोन एकरांचा शेतकरी आणि त्याच्यासारखे कोट्यवधि लोक जवळ जवळ कांहींच जाळीत नाहींत म्हणून देशाची सरासरी खालीं राहते. त्या खालच्या सरासरीच्या सावलींत मग कोण बसतें? जुन्या भंडारा जिल्ह्यांतल्याच तिरोड्यास आज ३३०० मेगावॉट विजेचा, कोळशावर चालणारा कारखाना उभा आहे. शेजारच्या नागपूर जिल्ह्यांत मौद्याचा सरकारी कारखाना गोसीखुर्दच्या जलाशयाचें पाणी घेतो. वीज देशास हवी, हें आम्हांस मान्य आहे. पण परदेशांत बांधीचें नांव सांगून जी सवलत मिळते तिचा मोठा लाभ बांधीवाल्यास होत नाहीं, आणि पाऊस लहरी झाला, वैनगंगेस ऑगस्ट २०२० सारखा महापूर आला, म्हणजे पहिला मार मात्र त्यासच बसतो. राष्ट्राराष्ट्रांत जो न्याय आपण मागतों तो जिल्ह्याजिल्ह्यांत, घराघरांत मागण्याची वेळ आली तर आपले मुत्सद्दी काय बोलतील, हें ऐकण्याची आम्हांस उत्सुकता आहे.

दुसरी गोष्ट खुद्द बांधीची. १९९१ सालीं आपणांस ज्या उघड्या पडणाऱ्या बांधीनें वांचवलें ती बांधी आतां पूर्वीची राहिलेली नाहीं. पवनी तालुक्यांत वैनगंगेवर गोसीखुर्दचें धरण झालें. त्याची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजीं, म्हणजे हवामानाची ती आंतरराष्ट्रीय समिति निघाली त्याच वर्षीं, राजीव गांधींच्या हस्तें बसली होती. २००९ सालीं तो राष्ट्रीय प्रकल्प ठरला. अडीच लक्ष हेक्टर जमीन भिजवण्याचा त्याचा संकल्प आहे. त्यासाठीं कित्येक गांवें उठलीं, तो इतिहास निराळा व अधिक दुःखाचा आहे. कालव्याचें पाणी आलें, विहिरींवर विजेचे पंप बसले, आणि खरिपाच्या जोडीला उन्हाळी धानाचें पीक घेतलें जाऊं लागलें. दोन पिकें येतात, घरांत पैसा खेळतो. याबद्दल ज्यास वाईट वाटेल त्याच्या मनुष्यपणाविषयींच शंका घ्यावी लागेल. परंतु उन्हाळी धान पावसाच्या लहरीवर वाढत नाहीं. तें भर चैत्र-वैशाखांत उभ्या पाण्यांत वाढतें.

२०१० च्या मे महिन्यांत केंद्र सरकारनें २००७ सालचा हिशेब प्रसिद्ध केला. त्यांत भाताचा मिथेन ३३ लक्ष टनांच्या आसपास, म्हणजे पूर्वींपेक्षांहि कमी, निघाला. पण त्या हिशेबाच्या पोटांत जे दर धरले आहेत ते वाचण्यासारखे आहेत. पावसावरच्या, अवर्षणाच्या टापूंतील शेतास हेक्टरीं ६६ किलो. पुराच्या टापूंतील शेतास १९०. ओलिताच्या ज्या शेतांत सतत पाणी उभें त्यास १६२. हंगामांत एकदां निचरा केला तर ६६. आणि अनेकदां सुकूं दिलें तर अवघे १८. सतत भरलेल्या व वारंवार सुकवलेल्या बांधींत असा नऊ पटींचा फरक आहे, आणि शास्त्रज्ञ सांगतात कीं, वेळ साधून सुकवलें तर पीकहि फारसें घटत नाहीं. क्योटोच्या व्यवस्थेखालीं पाण्याच्या अशा पाळ्यांबद्दल प्रमाणपत्र देण्याची रीतहि बसवण्यांत आली होती.

मग शेतकरी बांधी सुकवीत कां नाहीं? त्याचें उत्तर त्याच्या अज्ञानांत शोधण्याची शहरी मंडळींस मोठी हौस असते. कालव्याची पुढची पाळी ठरल्या दिवशीं येईल, किंवा रात्रीं येणारी वीज पहाटेपर्यंत टिकेल, अशी त्यास खात्री असेल तर तो आजचें पाणी सोडून देईल. ती खात्री नसते, म्हणून पाणी हातीं आलें कीं तो बांध फुगेपर्यंत भरून घेतो आणि तण दबलें याचें समाधान मानतो. त्याच्या आजोबाला तळ्याच्या पाण्याचा दिवस ठाऊक असे, कारण तो दिवस गांवांतच ठरे. अशा रीतीनें साकोलीकडची एकच बांधी खरिपांत ६६ च्या रकान्यांत पडते, उन्हाळ्यांत १६२ च्या. आणि ती १८ च्या रकान्यांत जाईल कीं नाहीं तें कालव्याच्या दारावरचा मनुष्य पुढच्या मंगळवारीं पाणी सोडील कीं नाहीं यावर अवलंबून राहतें.